भागम्माबद्दल सात जणांनी विचारलं

गंगाखेडात लग्न जमवायचं म्हटलं की लोक भागम्माकडं येतात. सोनपेठहून येतात, परभणीहून येतात, पार अहमदपूरकडूनही येतात, आणि आले की चपला माझ्या दारात काढतात, कारण आमच्या दोन घरांचा ओटा एकच आहे आणि माझं दार आधी लागतं. पंचायत समितीत उभा जन्म टिपण्या लिहून मी निवृत्त झालो ते सकाळचा पेपर शांतपणे वाचायला मिळावा म्हणून. तो सुखाचा दिवस अजून उजाडायचाय. पेपर उघडला की कुणीतरी टोपीवाला विचारतो, "भागम्माचं घर हेच का?" पूर्वी मी "नाही, पुढचं" असं म्हणायचो. आता नुसतं बोट दाखवतो.

तोंडावर मी तिला अहो-जाहोच करतो. लिहिताना मात्र 'ती' म्हणणार, कारण अख्खं गाव तिला तसंच म्हणतं आणि तिला ते आवडतं. नवरा गुरुसिद्धप्पा, सरकी-पेंडीचं दुकान होतं त्यांचं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानाचे दोन गाळे झाले, ते भाड्यानं दिलेत. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, हातात फोन आणि फोनवर कायम कुणाच्या तरी घराण्याची चौकशी. मुलाची नोकरी पक्की का कंत्राटी, मुलीचा रंग खरा का फोटोतला, सासू घरात जास्त बोलते का शेजाऱ्यांत, हे सगळं ती दोन-तीन फोनांत काढते. पैसे घेत नाही. लग्न लागलं की एक साडी घेते आणि पंगतीत मानानं बसून कुणाचं काय चुकलं ते बघते.

तिची एक ठरलेली पद्धत होती, आणि ती ओट्यावर इतक्या वेळा सांगितली जायची की माझ्या बायकोला, लीलेलाही पाठ झाली होती. एकाच दारात बसायचं नाही. स्थळ हातात आलं की एका वेळी जमतील तितक्या घरी सांगून ठेवायचं, एकाला दुसऱ्याचं कळू द्यायचं नाही, आणि जे आधी हो म्हणेल ते आपलं. ह्याला जोडून दुसरा नियम असा की ज्यानं चौकशी केली त्यानं निरोप दिलाच पाहिजे. पसंत असो, नसो, कळवायचं. न कळवणाऱ्या माणसाचं नाव ती जन्मभर लक्षात ठेवते, आणि त्याच्या नातवाचं लग्न निघालं की तिला ते नेमकं आठवतं.

सगळ्या तालुक्याला उजवणाऱ्या ह्या बाईची स्वतःची एकुलती एक मुलगी, त्रिवेणी, मात्र घरीच राहिली. आता पस्तिशीला आली. परभणीला एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते, आणि गाडी पिंगळीला अडकून पडली की घरी फोन करून सांगते, "आई, भाजी तू टाक." लग्न का झालं नाही, ह्याची कारणं गावानं आपापल्या सोयीनं काढली. कुणी म्हणालं मुलगी फार शिकली, कुणी म्हणालं डोक्यात हवा आहे. मी तिला लहानपणापासून बघतोय. डोक्यात हवा वगैरे काही नाही. मोजकं बोलते आणि खरं बोलते, एवढाच तिचा दोष.

ह्या वर्षी दोन गाळ्यांपैकी एक रिकामा झाला आणि त्रिवेणीनं ठरवलं की आपण स्वतःचं चष्म्याचं दुकान टाकायचं. गंगाखेडात. डोळे तपासायचं मशीन तिनं पसंत केलं, आपल्या शिलकीतून मशीनवाल्याला विसार दिला. परभणीच्या मालकाला सांगूनही टाकलं की दसऱ्यानंतर मी येणार नाही. उरलेल्या रकमेसाठी गावातल्याच बँकेत कर्जाचा अर्ज केला. घर आणि गाळे भागम्माच्या नावावर, म्हणून भागम्मा सहकर्जदार. दसऱ्याआधी पैसे भरले नाहीत तर विसार बुडणार, मशीन दुसऱ्याला जाणार, आणि नोकरी तर सुटलेलीच. त्रिवेणीला इतकी वर्षं ओळखतो, पण तिला एखाद्या गोष्टीची अशी ओढ लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

कागदपत्रं म्हटली की गल्लीत मला बोलावतात. तेव्हा बँकेतून बोलावणं आलं तसा मीही गेलो. मॅनेजर सुकेशनी मॅडम, तरुण बाई, टेबल अगदी स्वच्छ. त्यांनी कॉम्प्युटरकडं बघितलं, मग भागम्माकडं बघितलं.

"मावशी, तुम्ही एप्रिलमध्ये कुठं कुठं अर्ज केले होते?"

"एकाच ठिकाणी. कार्डाचा. कुलरसाटी."

"इथं सात दिसतायत. एका आठवड्यात सात ठिकाणांहून तुमची चौकशी झालीय. त्यामुळं तुमचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जासाठीची पत, खाली आला, आणि इतका खाली असला की वरचं ऑफिस फाइल मंजूर करत नाही. हे अर्ज तुम्ही केलेच नसतील तर तक्रार करा. चौकशी चुकीची निघाली तर रेकॉर्डमधून काढून टाकतात."

भागम्माचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गंगाखेडात कुणी तिच्याबद्दल विचारलं तर विचारणारा स्टँडवर परत जायच्या आत तिला कळतं, अशी तिची ख्याती. आणि इथं सात जण येऊन, विचारून, निघून गेले होते, आणि तिला पाच महिने पत्ता नव्हता.

"माझी चौकशी?" ती म्हणाली. "मला न सांगता? आन् कुनाला इचारलं त्यांनी?"

"कुणाला नाही मावशी. कॉम्प्युटरवर बघतात."

"कॉम्प्युटरला काय माहीत माझं?"

बाहेर आल्यावर तिनं कुलरची हकीकत सांगितली. एप्रिलात ती कुणाच्या तरी बघण्याच्या कार्यक्रमाला परभणीला गेली होती. येताना कुलर घ्यायला एका मोठ्या दुकानात शिरली. तिथं क्रेडिट कार्डाचं टेबल मांडून नागेश बसलेला. नागेशचं लग्न तिनंच जमवलेलं, बायको तिनंच शोधून दिलेली, त्यामुळं परका नव्हे. तो म्हणाला, मावशी, कार्ड काढा, कुलरवर सूट मिळते. तिनं कार्ड काढलं. ते आलं महिन्याभरानं, आणि त्यावर खर्चायची मुभा इतकी बारीक की कुलर राहिला बाजूला, त्याचा स्टँडसुद्धा आला नसता. ते कार्ड तिनं देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवून दिलं. तोवर उन्हाळाही संपला होता.

"एक बँक ती झाली," भागम्मा म्हणाली. "बाकीचे सहा कोन? चोर हायत सगळे. माधवराव, लिवा तक्रार."

हे वाक्य ऐकलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर मला कुणी मसुदा सांगितला नव्हता. मी रात्रभर विचार करून सकाळी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही गंगाखेड येथील कायम रहिवासी असून'. तिथून पुढं तीन परिच्छेद असे उतरले की आमच्या जुन्या साहेबांनी वाचून मान डोलावली असती. भागम्माला वाचून दाखवले. ती म्हणाली, "ह्यात माझं भांडण कुटं हाय?"

मग तिनं स्वतः सांगायला घेतलं. "लिवा. तुमी सात जण कोन? तुमच्या घरात थोरलं कोन हाय? इचारलं ते इचारलं, मंग निरोप कामून न्हाई दिला? पसंत न्हाई तर न्हाई म्हना. घर तर गावातच हाय आमचं."

तिचा खरा राग तिथं होता. स्कोअर घसरला हे तिला नीट समजलंही नव्हतं. सात जणांनी चौकशी केली आणि सहा जणांनी उलट निरोप पाठवला नाही, हा तिच्या व्यवसायातला सर्वांत मोठा गुन्हा होता.

शेवटी त्रिवेणीनं मोबाइल काढला. तक्रार ऑनलाइनच करायची होती आणि लिहायला जागा दिली होती ती माझ्या 'उपरोक्त'नं अर्धी भरली असती. तिनं दोन ओळी लिहिल्या: ह्या सहा चौकश्या मला माहीत नाहीत, कृपया तपासून काढून टाका. पाठवून दिलं. दोन ओळी. शासनाचा कारभार असा चालला असता तर मला तीस वर्षं काय काम होतं, हे मी लीलेला बोलून दाखवलं. ती म्हणाली, तेच तर.

उत्तर येईपर्यंत भागम्मा गप्प बसणारी नव्हती. यादीतल्या एका बँकेचा नंबर मिळवून तिनं ओट्यावरूनच फोन लावला. पलीकडून आधी बाजा वाजला, मग हे दाबा ते दाबा झालं, मग संभाषणाची नोंद होत असल्याचं सांगण्यात आलं. भागम्मानं त्यालाही "होऊ द्या" म्हणून उत्तर दिलं. शेवटी एक मुलगी बोलायला आली.

"नमस्कार, मी साक्षी. आपली काय मदत करू शकते?"

"आदी गाव सांग बाई तुजं."

मी पेपर खाली ठेवला. पुढचा अर्धा तास त्या मुलीनं मदत करायचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि भागम्मानं तो होऊ दिला नाही. मुलगी जालन्याकडची निघाली. बी.कॉम. झालेली. वडील एसटीत, धाकटा भाऊ शिकतोय, राहायला पुण्यात मैत्रिणींबरोबर. जेवणाचे हाल. भागम्मानं तिला कांदा न घालता करायची आमटी सांगितली, ती कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा शांत झाला होता.

"बरी हाय पोरगी," ती म्हणाली. "आवाजात ठसका हाय. सोनपेठच्या त्या मास्तराच्या पोराला चालंल."

"आणि तक्रारीचं?"

"ते राहिलंच की."

महिनाभरात उत्तर आलं. त्रिवेणी परभणीहून आली, पायातल्या चपला न काढता तिनं ते वाचून दाखवलं. सहाही संस्थांनी कळवलं होतं की चौकशी ग्राहकाच्या परवानगीनंच झाली. ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवलेला ओटीपी प्रत्येक वेळी भरला गेला होता. म्हणून एकही चौकशी काढता येत नाही. दसरा तोंडावर आला होता. त्रिवेणीनं फोन खिशात ठेवला आणि आत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

भागम्मानं त्याच संध्याकाळी नागेशला बोलावणं धाडलं. तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आला, येताना पेढ्याचा पुडा घेऊन आला, आणि ओट्यावर बसायच्या आधी तिच्या पाया पडला. त्यावरूनच मी ओळखलं की ह्याला काहीतरी माहीत आहे.

"सात जनांना कामून सांगितलंस रे माझं?"

"मावशी, तुमीच म्हणाल्या."

"मी?"

"मी म्हणालो, मावशी, तुमची मिळकत भाड्याची, ही बँक कार्ड देईल का न्हाई सांगता येत न्हाई. तर तुमी म्हणाल्या, एकाच दारात बसू नको. सगळीकडं टाकून ठिव. एकाला दुसऱ्याचं कळू देऊ नको. जे आदी हो म्हनंल ते आपलं."

वाक्य तिचंच होतं. मीही कोर्टात शपथेवर सांगितलं असतं.

"आणि ओटीपी?" मी विचारलं.

"ते मावशीनंच वाचून दाखवले की काका. मावशी फोनवर कुणाचं तरी जमवायल्या होत्या. मेसेज आला की फोन कानापासून काढायच्या, आकडे वाचायच्या, परत कानाला लावायच्या. शेवटी मलाच इचारलं, आणखी हाय का?"

"आरं, तू शिकलेला," भागम्मा म्हणाली. "तुला कळाया नको? सात दारं फिरवलंस मला."

नागेश गरीब माणूस, पण त्याचंही कुठंतरी दुखत असावं. "मावशी, माझं लगीनबी तुमी तसंच जमवलं न्हाई का? माझा फोटो किती घरांत फिरला ते मला माझ्या पंगतीत कळलं. वाढायला आलेले तिघं म्हणाले, पाव्हणं, तुमचा फोटो आमच्याकडं बी आला होता. मी खाली मान घालून जिलेबी खाल्ली. मला वाटलं, हीच पद्धत आसल."

मला हसू आवरेना. मी पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता हे मागाहून लीलेनं सांगितलं. भागम्मानं नागेशला चहा पाजला, पेढ्याचा पुडा ठेवून घेतला आणि त्याला वाटेला लावलं. त्या संध्याकाळी तिनं एकही फोन लावला नाही, आणि भागम्माचा आवाज नाही म्हटल्यावर गल्लीतल्या दोघीतिघी उगाच डोकावून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत बँकेत गेलो. खरं सांगायचं तर भागम्मा मॅडमशी भांडायला गेली होती. परवानगी दिली म्हणजे काय गुन्हा केला, आणि विचारल्यानं माणूस खराब होतो हा कुठला न्याय, असं तिला विचारायचं होतं. तिनं विचारलंही.

सुकेशनी मॅडमनी समोरच्या फाइली बाजूला सारल्या. बाई शांत स्वभावाची. "मावशी, विचारण्यात गुन्हा नाही. पण आमच्या बाजूनं बघा. मला दिसतं, एका आठवड्यात ह्या बाईंचं सात जणांनी विचारलं. सहा जण पुढं गेले नाहीत. का गेले नाहीत ते तिथं लिहिलेलं नसतं. मग मी कारण शोधत बसत नाही. मी धरून चालते की काहीतरी असेल. आठवा माणूस नीट बघतसुद्धा नाही, फाइल बाजूला ठेवतो. नववा म्हणतो, इतक्या जणांनी ठेवली म्हणजे असणारच काहीतरी."

"पर माझ्यात खोट काय हाय? गाळे बांदले तवाच्या कर्जाचा एक हप्ता न्हाई चुकवला मी."

"खोट काहीच नाही. तेच तर सांगतेय. काही खोट नसतानाही असं होतं. फार ठिकाणी फिरलं की होतं."

त्यावर त्रिवेणी हसली. मोठ्यानं नाही, आपल्याशीच. "मॅडम, तिला नका समजावून सांगू. मला समजलं. माझं बावीस वर्षांची होते तेव्हापासून असंच चाललंय."

मॅडमना काही कळलं नाही. हे कोणत्या कर्जाबद्दल आहे, ते त्या विचारायच्या बेतात होत्या. भागम्माला मात्र कळलं. तिनं मुलीकडं पाहिलं आणि मग टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडं पाहत बसली. मला फार वाईट वाटलं. त्रिवेणीचं नाव किती गावांत फिरलं असेल, कुठल्या कुठल्या ओट्यांवर लोकांनी तिचा फोटो बघून एकमेकांना म्हटलं असेल, हिचं आपल्याकडं आलं होतं, त्यांच्याकडंही आलं होतं म्हणे, मग कुणी केलं कसं नाही. एकाला दुसऱ्याचं कळू द्यायचं नाही, असं भागम्मा ठरवायची. पण पाहुणे पाहुण्यांना लग्नांत भेटतातच की. जगात तिला एवढी एकच गोष्ट सुचली नव्हती.

"आता ह्यावर औषध काय?" मी विचारलं, कुणीतरी बोलायला पाहिजे म्हणून.

"काही नाही. थांबायचं," मॅडम म्हणाल्या. "काही महिने कुठं म्हणजे कुठंच अर्ज करायचा नाही. विचारणं थांबलं की हळूहळू आपोआप बरं होतं."

"आणि माझं दुकान?" त्रिवेणीनं विचारलं. आवाज साधाच होता, पण हात पर्सच्या पट्ट्यावर घट्ट होता.

फाइल आईपाशीच अडल्यानं त्रिवेणीचं अजून बघायचं राहिलं होतं; मॅडमनी तिचा पॅन नंबर घातला, आधी तिची परवानगी विचारली, आणि स्क्रीनकडं बघत राहिल्या. "तुमचा एक मोबाइल हप्त्यावर घेतलेला दिसतोय. सगळे हप्ते वेळेवर. पगाराचं खातं इथलंच. आणि त्या मोबाइलवाल्यांनंतर तुमच्याबद्दल कुणीच विचारलेलं नाही. मी पहिली." त्यांनी मान वर केली. "आईला ह्यात घेऊच नका. तुमच्या एकटीच्या नावावर करा. रक्कम कमी मिळेल."

त्रिवेणीनं तिथल्या तिथं हिशेब केला. डोळे तपासायचं मशीन येईल. काचा घासायचं मशीन आत्ता नको; काचा परभणीच्या जुन्या मालकाकडून घासून आणता येतील, गाडीनं जाणं-येणं सवयीचंच आहे. शोकेस जुनी बघता येईल. "चालेल," ती म्हणाली.

आणि एवढं होतंय तोवर भागम्माचा हात सवयीनं फोनकडं गेला. "मी नागेशला इचारते," ती म्हणाली, "त्याच्या वळकीच्या आनखी दोन-तीन बँका हायत. पोरीचं तितंबी टाकून..." त्रिवेणीनं आईच्या हातावर हात ठेवला. भागम्मानं फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

दसऱ्याच्या चार दिवस आधी कर्ज मंजूर झालं. मशीन आलं, ते मिस्त्रीनं गाळ्यात बसवलं, आणि त्या संध्याकाळी त्रिवेणीनं पहिले डोळे माझे तपासले. मला इतकी वर्षं पेपर अस्पष्ट दिसत होता तो पाहुण्यांच्या गडबडीमुळं नव्हता, असं निघालं. ते मी मनावर घेतलं नाही.

जेवणं झाल्यावर मी माझ्या दारात बसलो होतो. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मायलेकी बसल्या होत्या. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं.

"किती घरी सांगितलं असंल ग मी तुजं?" भागम्मानं विचारलं.

"मला काय माहीत? तू कुणालाच कळू देत नव्हतीस. मलाही नाही."

पलीकडच्या घरात टीव्ही चालला होता.

"आई," त्रिवेणी म्हणाली, "बँकेसारखी मलाही एक तक्रार द्यायचीय. कुठं देऊ?"

मला वाटलं आता भागम्मा उसळणार, पन्नास घरांचे दाखले देणार. ती उसळली नाही.

"हितंच दे," ती म्हणाली. "माझ्याकडं."

"काढून टाकशील सगळ्या चौकश्या?"

"न्हाई निगत ग त्या. झाल्या त्या झाल्या." भागम्मानं हातातला फोन पालथा ठेवला. "चुकलं माजं. पर आता नवी एकबी न्हाई करनार. कुनी इचारलं तर तुझा नंबर देते. तू बोल, न्हाईतर नको बोलू."

"दे," त्रिवेणी म्हणाली, आणि आईच्या जवळ सरकून बसली.